दोन महायुद्धांनी हाकललं, तरी अंध मुलांकडे परत गेलेला जर्मन पाद्री

जगात सुकवलेले जर्दाळू सगळ्यात जास्त कुठून येतात? तर तुर्कीतल्या मालत्या या भागातून. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्की आणि सीरियात मोठा भूकंप झाला, तेव्हा नुकसान झालेल्या शहरांच्या यादीत याच मालत्याचं नाव आलं होतं. आपल्याकडे या गावाची ओळख साधारण इथंच संपते.

पण अंधत्व आणि अपंगत्व या विषयात जगभर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेची सुरुवात याच गावात झाली. संस्थेचं नाव सीबीएम. भारतातही तिचं काम आहे. तिच्या मूळ जर्मन नावातलं पहिलं अक्षर हे एका माणसाचं आडनाव आहे, क्रिस्टोफेल.

अर्न्स्ट याकोब क्रिस्टोफेल यांचा जन्म ४ सप्टेंबर १८७६ चा, जर्मनीतल्या राइट या कापडगिरण्यांच्या गावातला. (याच गावात २१ वर्षांनी योसेफ गोबेल्सचा जन्म झाला. हिटलरचा प्रचारमंत्री, तोच.) स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात क्रिस्टोफेल यांनी धर्मोपदेशकाचं शिक्षण घेतलं. गावच्या चर्चमध्ये रविवारची प्रवचनं करत आयुष्य आरामात गेलं असतं. पण १९०४ मध्ये, वयाच्या २७-२८ व्या वर्षी, ते बहीण हेडविगला सोबत घेऊन ऑटोमन साम्राज्यातल्या सिवास शहरात गेले. तिथं स्विस लोकांच्या पैशावर चालणारे दोन अनाथाश्रम होते, ते सांभाळायचे होते.

हे अनाथाश्रम तिथं का होते, ते आधी बघू.

१८९४ ते १८९६ या काळात सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या राजवटीत आर्मेनियन ख्रिश्चनांच्या मोठ्या कत्तली झाल्या. मृतांचे अंदाज १ लाखापासून ३ लाखांपर्यंत जातात. सिवास आणि मालत्या या दोन्ही ठिकाणी १८९५ मध्ये रक्तपात झाला होता. मागे उरली हजारो पोरकी मुलं. मग अमेरिका, जर्मनी, स्वित्झर्लंड, डेन्मार्क अशा देशांतून मिशनरी आले आणि पूर्व अनातोलियात गावोगावी अनाथाश्रम उघडले. हा सगळा भाग डोंगराळ, शेतीवर जगणारा आणि गरीब. मालत्याला रेल्वे पोहोचली तीच मुळात १९३१ मध्ये.

मुलांना सांभाळायचं, लिहायला-वाचायला शिकवायचं आणि सुतारकाम, शिवणकाम, चांभारकाम असा एखादा धंदा हाताला लावून द्यायचा, अशी या अनाथाश्रमांची पद्धत. १५-१६ वर्षांचा पोरगा बाहेर पडला की कमवायला लागायचा आणि त्याच्या जागी दुसरं मूल घेता यायचं. हिशोब सरळ होता. मात्र या हिशोबात न दिसणारं मूल कुठं बसतच नव्हतं. ते धंदा शिकणार कसं? बाहेर पडणार कधी? एकदा घेतलं की ते कायमचं गळ्यात, असं सगळ्यांना वाटायचं. त्यामुळे मदत करायला आलेल्या लोकांच्या दारातही अंध मूल रांगेत शेवटी उभं असायचं. बहुतेक वेळा ते रांगेतही नसायचं, बाजारात भीक मागत असायचं.

आणि अशी मुलं थोडीथोडकी नव्हती. त्या भागात खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, घरोघरी होता. हा डोळ्यांचा संसर्गजन्य आजार. माश्या, मळके हात, एकच पंचा सगळ्यांनी वापरणं यातून तो पसरतो. वारंवार संसर्ग झाला की पापणीच्या आतल्या बाजूला व्रण होतात, पापणी आत वळते, केस बुबुळावर घासत राहतात आणि हळूहळू दृष्टी जाते. त्याच्या जोडीला देवी होत्या. नवजात बाळांच्या डोळ्यांना आईकडून होणारा जंतुसंसर्गही होता. यातल्या दोन गोष्टींवर तेव्हा उपाय माहीत होता. देवीची लस १७९६ पासून होती. नवजात बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की तो संसर्ग टळतो, हे जर्मन डॉक्टर क्रेडे यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. मालत्याच्या आसपासच्या खेड्यांत ना लस पोहोचली होती ना तो थेंब.

सिवासमध्ये तीन वर्षं काढल्यावर या भावा-बहिणीच्या डोक्यात हेच घोळत होतं. ते युरोपात परतले आणि अंध मुलांसाठी घर काढायची कल्पना त्यांनी तिथल्या मिशन संस्थांपुढे मांडली. कुणी ती अंगावर घेतली नाही. शेवटी ओळखीच्या माणसांकडून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून दोघं स्वतःच निघाले. १९०८ मध्ये मालत्यात त्यांचं घर सुरू झालं. ते वर्षही आशेचं होतं. तरुण तुर्कांच्या क्रांतीमुळे साम्राज्यात पुन्हा संविधान आलं होतं, सगळ्या धर्मांच्या लोकांना समान नागरिक मानण्याची भाषा सुरू झाली होती.

घराचं नाव ठेवलं बेथेस्दा. बायबलमध्ये जेरुसलेममधल्या एका तळ्याचं हे नाव आहे, जिथं आंधळे, लंगडे, आजारी लोक बरं होण्याची वाट बघत पडलेले असायचे. मालत्याच्या बेथेस्दात अंध मुलं आली, इतर अपंगत्व असलेली मुलं आली, अनाथ आली. मुलाचा धर्म कोणता, याची अट नव्हती.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण महाराष्ट्रात मिशनरी हा शब्द आला की पहिला प्रश्न धर्मांतराचाच निघतो. क्रिस्टोफेल हे समाजसेवक नंतर, धर्मोपदेशक आधी. ख्रिस्ताचा संदेश या मुलांपर्यंत पोहोचावा हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. तेव्हाच्या अनेकांप्रमाणे अपंग माणसाकडे ते करुणेच्या नजरेनं बघायचे. आज आपण हक्कांची भाषा बोलतो, ती तेव्हा नव्हती. हे सगळं खरं. पण त्या बाजारात बसलेल्या मुलासाठी तेव्हा दुसरं दार उघडं नव्हतं, हेही तितकंच खरं, आणि माझ्या मते त्यांचं मूल्यमापन करताना हे दुसरं सत्य जास्त वजनाचं आहे.

सहा ठिपके आणि उलट्या दिशेची लिपी

मुलं आली, पण शिकवणार कशातून? ब्रेल लिपी फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात तयार झाली होती. तिच्यात सहा ठिपक्यांच्या जागा असतात. त्यातले कोणते उठावाचे, कोणते सपाट, यावरून ६३ खुणा तयार होतात. फ्रेंच किंवा जर्मन मुळाक्षरांना त्या सहज पुरतात. मालत्यात मात्र भाषा वेगळ्या होत्या. आर्मेनियनला ३८ अक्षरांची स्वतंत्र वर्णमाला. तुर्की तेव्हा अरबी लिपीत लिहायचे, उजवीकडून डावीकडे, आणि त्यात बरेच स्वर लिहिलेच जात नाहीत, वाचणारा संदर्भानं समजून घेतो. डोळस माणसाला हे जमतं. बोटानं एकेक अक्षर चाचपत जाणाऱ्या मुलानं काय समजून घ्यायचं? शिवाय ब्रेल डावीकडून उजवीकडे वाचतात. म्हणजे प्रत्येक अक्षराला कोणती खूण द्यायची, स्वरांचं काय करायचं, हे सगळं बसून ठरवावं लागतं. मग पुस्तकं. ती छापून मिळणार नव्हतीच, एकेक ठिपका हातानं टोचून तयार करायची.

हे काम क्रिस्टोफेल यांनी अंगावर घेतलं. मालत्यात स्थानिक भाषांसाठी, आणि पुढे इराणमध्ये फारसीसाठी. फारसीच्या ३२ अक्षरांना ब्रेलमध्ये बसवण्याचं श्रेय इराणमध्ये आजही त्यांना दिलं जातं. त्यांच्या नावावर जे काही आहे त्यात मला हे काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण आश्रम बंद पडू शकतो, इमारत कुणी ताब्यात घेऊ शकतं, पण एका भाषेची ब्रेल एकदा तयार झाली की ती काढून घेता येत नाही.

साधारण त्याच काळात मुंबईतही हे घडत होतं. १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा उघडली. दादरची आजची अंध मुलींची शाळा ती हीच. मालत्यात कत्तल आणि मुंबईत दुष्काळ, निमित्त वेगळं होतं. पण अनाथांना गोळा करता करता अंध मुलांकडे लक्ष जाणं, हा क्रम दोन्हीकडे सारखाच दिसतो.

१९१५

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा क्रिस्टोफेल जर्मनीत होते आणि तिथंच अडकले. बेथेस्दा त्यांचे सहकारी हान्स बाउअर्नफाइंड यांच्या ताब्यात होतं.

मे १९१५ मध्ये ऑटोमन सरकारनं आर्मेनियन लोकांना हद्दपार करण्याचा कायदा केला. कागदावर हे युद्धकाळातलं स्थलांतर होतं. प्रत्यक्षात पुरुषांना वेगळं काढून मारलं जात होतं आणि बायका-मुलांना सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं जात होतं. मालत्या हे या वाटांवरचं एक महत्त्वाचं जंक्शन. सिवासकडून, खारपुटकडून निघालेले तांडे इथूनच पुढे जायचे. जगातले बहुसंख्य इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात. तुर्की सरकारला हा शब्द आजही मान्य नाही.

बाउअर्नफाइंड या काळात रोजनिशी लिहीत होते आणि आज ती एक महत्त्वाचा पुरावा मानली जाते. ती वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त काय खटकतं, तर सुरुवातीला त्यांचा सरकारवर असलेला विश्वास. जर्मनी आणि ऑटोमन साम्राज्य युद्धात एका बाजूला होते. बाउअर्नफाइंड देशभक्त जर्मन होते. अधिकारी सांगायचे की मजूर कामावर नेलेत, तर त्यांना ते पटायचं. मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. मालत्याचा महापौर मुस्तफा आगा अझिझओग्लू हा मिशनचा जुना मित्र. काय चाललंय ते त्यानं स्पष्ट सांगितलं. हा मुसलमान माणूस स्वतः आर्मेनियन लोकांना लपवत होता, वाचवत होता. त्याची किंमतही त्यानं मोजली: १९२१ मध्ये त्याच्याच एका मुलानं त्याला मारलं. काफिरांचा मित्र, हा त्याच्यावरचा राग.

ऑगस्ट १९१५ मध्ये बाउअर्नफाइंड यांना मालत्या सोडावं लागलं.

आणि १९१६ मध्ये क्रिस्टोफेल तिथं परत गेले. खरं तर त्यांना जर्मनीत थांबायला शंभर कारणं होती. युद्ध चालू होतं, अनातोलियात टायफस आणि उपासमार होती, आणि आर्मेनियन लोकांना आसरा देणं धोक्याचं होतं. पण जर्मन पासपोर्ट ही त्या वेळी त्यांच्या हातातली मोठी गोष्ट होती. मित्रराष्ट्राचा नागरिक म्हणून तुर्की अधिकारी त्यांना सहज हात लावू शकत नव्हते. हा विरोधाभास बघण्यासारखा आहे. बर्लिनमधल्या सरकारला आर्मेनियन लोकांचं काय होतंय हे आपल्या राजदूतांकडून कळत होतं, पण मैत्री टिकवायची म्हणून ते गप्प राहिलं. (जर्मन संसदेनं २ जून २०१६ च्या ठरावात वंशसंहार हा शब्द वापरला आणि त्या वेळच्या जर्मनीची जबाबदारीही मान्य केली. शंभरहून जास्त वर्षांनी.) ज्या मैत्रीमुळे सरकार गप्प होतं, त्याच मैत्रीच्या आडोशानं हा एक जर्मन पाद्री मालत्यात दार उघडं ठेवून बसला होता. जिवंत राहिलेली अनाथ मुलं, बायका, अंध, अपंग असे लोक त्या घरात येत राहिले. तांड्यातून पळता येणं डोळस माणसालाही अवघड होतं. न दिसणाऱ्या मुलाचं काय झालं असेल, याचा विचार करवत नाही. या वर्षांवर क्रिस्टोफेल यांनी १९२१ मध्ये एक पुस्तक लिहिलं.

१९१८ मध्ये जर्मनी आणि ऑटोमन साम्राज्य दोघंही हरले आणि पासपोर्टची बाजू फिरली. आता जर्मन असणं हाच गुन्हा. १९१९ मध्ये क्रिस्टोफेल यांना देशाबाहेर काढण्यात आलं. मालत्यातलं घर संपलं. काही वर्षांनी परत जायची खटपट त्यांनी केली, पण अतातुर्कच्या नव्या तुर्कीला परदेशी मिशन नको होती. त्याच तुर्की प्रजासत्ताकानं १९२५ मध्ये मालत्या-आदियामान भागातच ट्रॅकोमाविरुद्ध सरकारी मोहीम सुरू केली, हेही नोंदवायला हवं.

तब्रीझ, मग इस्फहान

क्रिस्टोफेल तेव्हा ४८-४९ वर्षांचे होते. १९२५ मध्ये ते इराणला, तेव्हाच्या पर्शियाला गेले आणि तब्रीझमध्ये अंधांसाठी घर सुरू केलं. १९२८ मध्ये इस्फहानमध्ये दुसरं. फारसी ब्रेलचं काम इथलंच. अंधांबरोबर कर्णबधिर आणि इतर अपंग मुलंही इथं राहायची.

तब्रीझबद्दल एक मजेशीर योगायोग सांगतो. त्याच शहरात, जवळपास त्याच वर्षांत, जब्बार बाघचेबान नावाचा एक इराणी शिक्षक आपल्या बालवाडीत कर्णबधिर मुलांचा वर्ग चालवायला लागला होता. इराणमधल्या कर्णबधिर शिक्षणाची सुरुवात तीच. बाघचेबान मुसलमान, जन्म येरेव्हानचा, युद्धकाळात विस्थापित झालेला. क्रिस्टोफेलही युद्धानं हाकललेले. एकाच शहरात एकाच वेळी अंध आणि बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या, आणि दोन्ही काढल्या निर्वासित म्हणता येतील अशा माणसांनी.

मग दुसरं महायुद्ध. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशियानं इराणमध्ये सैन्य घुसवलं. कारणांपैकी एक कारण इराणमधले जर्मन. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी क्रिस्टोफेल यांना पकडलं. वय ६६. तीन वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या नजरकैदेच्या छावण्यांत काढून १९४६ मध्ये ते जर्मनीत सुटले. देश बेचिराख झालेला. तिथंही त्यांनी अंधांसाठी घर उभं करायला घेतलं, यावेळी जर्मन अंधांसाठी.

माणूस इथं थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९५१ मध्ये, पंचाहत्तरीला आलेले असताना, ते पुन्हा इस्फहानला गेले आणि पुन्हा काम सुरू केलं. २३ एप्रिल १९५५ ला तिथंच त्यांचं निधन झालं. इस्फहानच्या आर्मेनियन दफनभूमीत त्यांची कबर आहे. ज्या आर्मेनियन मुलांसाठी ते पन्नास वर्षांपूर्वी घराबाहेर पडले, त्याच समाजाच्या मातीत. कबरीवरच्या दगडावर फारसीत त्यांचा उल्लेख अंधांचा आणि ज्यांचं कुणी नाही अशांचा पिता असा केलेला आहे.

नंतर काय झालं?

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९६० च्या दशकात संस्थेनं दिशा बदलली. फक्त अंधांना सांभाळण्यापेक्षा अंधत्व येऊच नये यासाठी डोळ्यांचे दवाखाने, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, ट्रॅकोमावर उपचार यांना पैसा द्यायला सुरुवात झाली.  १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टाळता येणारं अंधत्व संपवण्याची जी जागतिक मोहीम काढली, तिच्या पाठीशी असलेल्या संस्थांमध्ये सीबीएम होती. अलीकडे संस्था अपंगांच्या हक्कांवर जास्त बोलते. निवासी आश्रमांपेक्षा मूल घरी राहून गावच्याच शाळेत शिकावं, अशी तिची भूमिका आहे. म्हणजे क्रिस्टोफेल यांची पद्धत त्यांच्याच संस्थेनं बऱ्याच अंशी मागे टाकली.

इस्फहानमधली गोष्ट जरा वेगळी वळली. तिथली अंध मुलांची शाळा चालू राहिली आणि मुस्लिम घरांतली मुलंही तिथं शिकत होती. ती मुलं ख्रिश्चन होतात, यावरून शहरातले धार्मिक लोक अस्वस्थ होते. नुसतं बोलत न बसता त्यांनी १९६९ च्या सुमाराला अंधांसाठी स्वतःची शाळा काढली, अबा बसीर नावाची. दहा वर्षांनी, १९७९ ची इस्लामी क्रांती झाल्यावर, परदेशी मिशनच्या इतर दवाखान्यांबरोबर क्रिस्टोफेल यांची संस्थाही ताब्यात घेण्यात आली आणि जर्मन लोकांना जावं लागलं.

इराणमधून ट्रॅकोमा संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर केलं. अबा बसीर शाळेत पहिल्या पिढीची अंध मुलं वाचायला शिकली ती फारसी ब्रेलमध्येच.